ट्रॉलीच्या मागील दिव्यांसाठी रिले
(ट्रॅक्टरधारक व ऊस वाहतूकदार शेतकऱ्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ऊस तोडणी दिवसा होते, परंतु ट्रॉली भरून रस्त्याला लागेपर्यंत बहुधा अंधार पडलेला असतो. भरलेला ट्रॅक्टर ताशी १५ ते २० कि.मी. वेगाने चालतो. मागून येणारी मोटारसायकल ताशी ६० कि.मी. वेगाने येत असेल, तर दोन्हींतील अंतर दर सेकंदाला ११ मीटरने कमी होते. ट्रॉलीला दिवा नसेल आणि ती ३० मीटरवर आल्यावरच दिसली, तर त्या चालकाच्या हाती तीन सेकंदही उरत नाहीत. म्हणून मागचा दिवा ही आरटीओला दाखविण्याची वस्तू नव्हे. तो मागून येणाऱ्याचा जीव वाचवितो.

ट्रॉलीला दिवे बसविलेले असतात, पण ते पेटत नाहीत, ही आपली खरी अडचण आहे. याची कारणे तीन. पहिले, चालक बटण दाबायला विसरतो. दुसरे, ट्रॅक्टरच्या मूळ वायरिंगवर ट्रॉलीचा भार टाकल्याने फ्यूज उडतो किंवा स्विच जळतो. तिसरे, अर्थिंग नीट नसते. पहिल्या दोन कारणांवर रिले हा स्वस्त व सोपा उपाय आहे.

रिले म्हणजे काय?

विहिरीवरील मोटार आपण स्टार्टरने चालू करतो. आपले बोट फक्त बटण दाबते, मोटारीचा मोठा प्रवाह आतील कॉन्टॅक्टमधून जातो. रिले हा असाच छोटा स्टार्टर आहे. त्याच्या कॉईलला सुमारे ०.१५ ते ०.२ अँपिअर प्रवाह पुरतो आणि तेवढ्यावर तो ३० अँपिअरपर्यंतचा भार जोडतो किंवा तोडतो.

बाजारात १२ व्होल्टचा चार पिनांचा रिले मिळतो. पिनांवर आकडे छापलेले असतात. ८५ व ८६ या कॉईलच्या पिना आहेत. ३० या पिनेला बॅटरीचा थेट पुरवठा द्यावा आणि ८७ या पिनेतून दिव्याकडे तार न्यावी. पाच पिनांच्या रिलेत ८७ए ही जादा पिन असते. कॉईल बंद असताना तिच्यातून प्रवाह जातो. आपल्या कामात तिचा उपयोग नाही, म्हणून ती मोकळी ठेवून टेप लावावी.

भाराचा हिशेब

ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा असतो. ट्रॅक्टरचे दोन आणि दोन ट्रॉल्यांचे चार असे सहा बल्ब धरले, तर १२६ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साडेदहा अँपिअर होतात. ट्रॅक्टरचा ब्रेक स्विच मुळात दोन बल्बांसाठी, म्हणजे साडेतीन अँपिअरसाठी दिलेला असतो. तिप्पट भाराने त्याचे कॉन्टॅक्ट जळतात आणि ब्रेक लाइट बंद पडतो. चालकाला हे पुढे बसून कळत नाही. इंडिकेटरचेही तसेच आहे. जादा बल्ब जोडले की फ्लॅशरची लय बिघडते.

तारेची जाडीही महत्त्वाची आहे. दुसऱ्या ट्रॉलीच्या टोकापर्यंत १५ मीटर तार लागली, ती १ चौ.मि.मी.ची असली आणि टोकाला ७ अँपिअर भार धरला, तर सुमारे १.८ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले की साध्या बल्बचा उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. त्यामुळे मुख्य पुरवठ्याची व अर्थिंगची तार २.५ चौ.मि.मी.ची तांब्याचीच घ्यावी.

जोडणी कशी करावी?

ट्रॉलीसाठी चार रिले लागतात : टेल लॅम्प, ब्रेक, डावा इंडिकेटर व उजवा इंडिकेटर.

१) काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी.

२) बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून दोन तारा घ्याव्यात. एका तारेवर टेल लॅम्पसाठी ५ अँपिअरचा फ्यूज, तर दुसरीवर १५ अँपिअरचा फ्यूज लावून ती ब्रेक व इंडिकेटरच्या तीन रिलेंना द्यावी. फ्यूज बॅटरीपासून एक वीतभर अंतरातच असावा. फ्यूजच्या आधी तार घासली गेली, तर आग लागण्याचा धोका असतो.

३) चारही रिलेंची ८५ पिन चॅसिसच्या स्वच्छ घासलेल्या बोल्टला जोडावी.

४) ब्रेक रिलेच्या ८६ पिनेला ट्रॅक्टरच्या ब्रेक लाइटची तार, तर इंडिकेटर रिलेंच्या ८६ पिनांना त्या त्या बाजूच्या इंडिकेटरची तार जोडावी. यामुळे ट्रॅक्टरच्या मूळ स्विचवर फक्त कॉईलचाच भार वाढतो.

५) टेल लॅम्पच्या रिलेसाठी दोन बाजूंचा, मध्ये 'बंद' नसलेला स्विच घ्यावा. मधली तार ८६ ला जोडावी. एका बाजूला किल्ली फिरविल्यावर मिळणारा पुरवठा द्यावा. दुसऱ्या बाजूला ५ अँपिअरच्या फ्यूजनंतरचा बॅटरीचा पुरवठा द्यावा.

या पाचव्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे. स्विच पहिल्या बाजूला असताना किल्ली फिरविली की मागचे दिवे आपोआप लागतात. चालकाच्या आठवणीवर काही राहत नाही. परंतु केवळ किल्लीवरच दिवे ठेवले, तर एक उणीव राहते. रस्त्यात टायर फुटला, चालक किल्ली काढून मदत आणायला गेला, की नेमक्या धोक्याच्या वेळी दिवे विझतात. अशा वेळी स्विच दुसऱ्या बाजूला करावा. ५ वॅटचे चार टेल लॅम्प मिळून १.७ अँपिअर घेतात. दहा तासांत १७ ते १९ अँपिअर-तास खर्च होतात. ७५ अँपिअर-तासाची चांगली बॅटरी एवढे सहज देते. सकाळी स्विच परत किल्लीच्या बाजूला करण्यास विसरू नये.

अर्थिंग

पुष्कळ ठिकाणी ट्रॉलीचे अर्थिंग हूकमधून घेतात. हूकला ग्रीस, गंज आणि माती असते, शिवाय तो हलतो. ब्रेक दाबला की टेल लॅम्प मंद होणे किंवा इंडिकेटरबरोबर इतर दिवे लुकलुकणे ही खराब अर्थिंगची खूण आहे. सात पिनांचा प्लग-सॉकेट वापरून अर्थिंगची स्वतंत्र तार शेवटच्या दिव्यापर्यंत न्यावी.

घ्यावयाची काळजी

रिले पिना खाली करून, पाणी व धूळ लागणार नाही अशा झाकणाच्या डब्यात बसवावेत. पिळलेले सांधे टाळावेत, थिंबल दाबून बसवावी. तार लवचिक पाइपातून न्यावी आणि सायलेन्सरपासून दूर ठेवावी. हूकजवळ वळणासाठी थोडी ढील ठेवावी. बाहेर आलेल्या वाढ्यांनी दिवे झाकले जात असतील, तर दिवे खालच्या पट्टीवर घ्यावेत.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार पुढच्या बाजूला लाल दिवा दाखविता येत नाही. मागे झगमगीत पांढरे दिवेही लावू नयेत. मागून येणाऱ्याचे डोळे त्याने दिपतात. ज्या नव्या ट्रॅक्टर किंवा पिकअपमध्ये दिव्यांचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक पेटीतून होते, तेथे तार कापून जोडणी करू नये. आधी विक्रेत्याच्या कारागिराला विचारावे, अन्यथा पेटी बिघडू शकते आणि वॉरंटीही जाऊ शकते.

दिवा कधी ना कधी बंद पडणारच. म्हणून मागे लाल परावर्तक पट्टी लावावी आणि रोज निघताना तीवरील चिखल पुसावा. चढावर चाकाला लावलेला दगड निघताना रस्त्यातून उचलावा.

हंगामापूर्वी एक दिवस या कामासाठी काढावा. रिले स्वतः जोडता येत नसतील, तर हा हिशेब गावच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवून काम करून घ्यावे. आणि दररोज रस्त्याला लागण्यापूर्वी एकाने ब्रेक दाबावा व दुसऱ्याने मागे उभे राहून दिवे पाहावेत. या कामाला एक मिनिट पुरते. आपल्या ट्रॉलीच्या मागून येणारा बहुतेक वेळा आपल्याच पंचक्रोशीतला असतो, हे ध्यानात ठेवावे.