मुक्काम कोठे करावा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आणि भाषणाची मला सवय नाही. परंतु गेल्या हिवाळ्यात मंडळाच्या आम्ही नऊजणी अजिंठा-वेरूळ पाहून आलो, तेव्हा राहण्याच्या जागा मी ठरविल्या होत्या. त्याविषयी चार शब्द सांगते.

मलिक अंबराने १६१० साली खडकी म्हणून वसविलेले आणि पुढे औरंगाबाद झालेले हे शहर २०२३ पासून सरकारदरबारी छत्रपती संभाजीनगर आहे. तेथे हॉटेले पुष्कळ; पण अजिंठा तेथून शंभर किलोमीटर आणि वेरूळ तीस. सारे मुक्काम शहरातच केले तर अजिंठ्याचा दिवस गाडीतच जायचा. आपल्या अकोल्याहून जायचे तर रेल्वेने जळगाव आणि तेथून एस.टी.ने फर्दापूर, हे बरे. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.चे तिकीट अर्धे आहे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. फर्दापुरास पर्यटन महामंडळाची राहण्याची सोय आहे. तेथे रात्र काढली की सकाळी ऊन चढण्याआधी लेण्यांपाशी जाता येते. फाट्यापासून पुढचे चारेक किलोमीटर आपली गाडी नेऊ देत नाहीत, तेथल्या बसनेच जावे लागते. दुसरी रात्र मात्र शहरात.

आमच्यापैकी एक काकू अडुसष्ट वर्षांच्या. गुडघ्यांमुळे कित्येक वर्षे त्या कोठेच गेल्या नव्हत्या. लेण्यांच्या पायऱ्यांपेक्षा परक्या ठिकाणच्या संडासाची त्यांना धास्ती! म्हणून फोनवर भाडे विचारण्याआधी मी खुर्चीचा संडास आहे का, खोली तळमजल्यावर मिळेल का, हे विचारी. काहींना हसू आले. येवो बापडे! मग गरम पाणी किती वाजता, दाराला आतून कडी आहे ना, आणि खोली चोवीस तासांची की दुपारी बाराला सोडायची, तेही विचारून घ्यावे. एका ठिकाणी मलाच उलट प्रश्न आला, “सोबत पुरुष कोण?” मी म्हटले, “कोणी नाही, नऊ आधारकार्डे आहेत.” त्यांनी खोली नाही म्हणून सांगितले. आम्ही दुसरीकडे घेतली, आणि ती चांगली निघाली.

वार मात्र नीट पाहा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. सोमवारी निघालात तर ओळीने दोन्ही दारे बंद!

काकूंनी अजिंठ्याला डोली केली. वेरूळचे कैलास लेणे दरवाजासमोरच आहे. तेथे त्या हळूहळू स्वतःच्या पायांनी गेल्या आणि आम्ही पुढची लेणी पाहून येईपर्यंत हत्तीजवळ बसून राहिल्या. यंदा त्या पैठणला जाऊ म्हणतात. नावे माझ्याकडे द्यावीत.