गांधीहत्येचा कट : पुरावा कुठवर जातो?



गांधीहत्येचा विषय निघाला की आपल्या बैठकांत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक : "सावरकर कोर्टात निर्दोष सुटले, विषय संपला." दुसरे : "कपूर आयोगाने त्यांना दोषी ठरवले, विषय संपला." मला दोन्ही घाईची वाटतात, म्हणून आज फक्त पुराव्याबद्दल बोलतो.

लाल किल्ल्यातील खटल्याचा निकाल न्यायाधीश आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ रोजी दिला. सावरकरांविरुद्ध मुख्य साक्ष होती माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याची. त्याच्या म्हणण्यानुसार १७ जानेवारी १९४८ रोजी नथुराम गोडसे आणि नारायण आपटे सावरकर सदनात वर गेले, तो खाली थांबला, आणि निरोप देताना सावरकर "यशस्वी होऊन या" म्हणाले. न्यायाधीशांना बडगे विश्वासार्ह वाटला, पण या मुद्द्याला स्वतंत्र दुजोरा नव्हता. कटातल्याच माणसाच्या एकट्याच्या शब्दावर शिक्षा देऊ नये, हा संकेत इथल्याच कायद्यातून भारतात गेलेला. म्हणून सावरकर सुटले, आणि माझ्या मते ते योग्यच झाले.

पुढे नोव्हेंबर १९६४ मध्ये, गोपाळ गोडसे यांच्या सुटकेनिमित्त पुण्यात झालेल्या कार्यक्रमात ग. वि. केतकरांनी आपल्याला आधीच कल्पना होती असे सांगितले. गदारोळ झाला, चौकशी नेमली गेली. न्या. जीवनलाल कपूर यांच्या १९६९ च्या अहवालात सावरकरांचे अंगरक्षक अप्पा कासार व सचिव गजानन दामले यांचे मार्च १९४८ चे पोलीस जबाब आहेत. २० जानेवारीच्या स्फोटानंतरही गोडसे आणि आपटे सावरकरांना भेटले, असे त्यांत आहे. या दोघांना खटल्यात साक्षीला उभेच केले नव्हते. सगळे एकत्र पाहता सावरकर व त्यांच्या गटाचा कट हाच निष्कर्ष निघतो, असे कपूर यांनी नोंदवले.

मात्र पोलीस जबाबाची कोर्टात उलटतपासणी झालेली नसते, आणि सावरकर तर १९६६ मध्येच वारले होते.

प्रयोगशाळेत आम्ही "सिद्ध झाले नाही" आणि "तसे नव्हते हे सिद्ध झाले" या नोंदी वेगळ्या ठेवतो. इथेही तसेच करावे. पण एका आरोपीवर वाद घालता घालता एक गोष्ट निसटू देऊ नये. कट होता, त्यातली मुख्य माणसे पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगरची, म्हणजे आपल्यातलीच होती, आणि हे कोर्टात सिद्ध झाले आहे. इथे वाढणारी आपली मुले विचारतील, तेव्हा सांगायची सुरुवात तिथून करू या.