प्रवाहातील आकडा

पॅसिफिक महासागरातील पलाऊ या द्वीपराष्ट्रात ब्लू कॉर्नर नावाचा प्रवाळखडक आहे. भरती-ओहोटीचा जोरदार प्रवाह तेथे खडकावर येऊन आदळतो, शार्क मासे मोठ्या संख्येने जमतात आणि ते पाहण्यासाठी देशोदेशींचे पाणबुडे येतात. प्रवाहाशी झुंजताना टाकीतील हवा झपाट्याने संपते. आधारासाठी प्रवाळ धरावे, तर वर्षानुवर्षे वाढलेली जिवंत वसाहत क्षणात मोडते. ही दुहेरी हानी टाळण्यासाठी दोरी लावलेला आकडा वापरला जातो.

आकडा न गंजणाऱ्या पोलादाचा व बोथट टोकाचा निवडावा. दोरी दीड-दोन मीटर असावी. तिच्या दुसऱ्या टोकाची कडी जाकिटाच्या पुढील मजबूत वळ्यात अडकवावी; दोरी ताणलेली असतानाही ती एका हाताने सुटली पाहिजे.

आकडा निर्जीव खडकातच अडकवावा. मग जाकिटात थोडी हवा भरली की शरीर प्रवाळापासून वर तरंगते. निघताना मात्र ही हवा आधी काढावी. अन्यथा आकडा सुटताच पाणबुडा वेगाने वर फेकला जातो आणि फुप्फुसांना इजा होऊन प्राणावरही बेतू शकते.

वापर संपताच दोरीची घडी रबरी पट्ट्याने बांधून, टोक आत करून, आकडा खिशात ठेवावा. लोंबकळणारा आकडा भलत्याच ठिकाणी अडकतो आणि रक्षकच घातक ठरतो.

जेथे निर्जीव खडक नाही किंवा स्थानिक नियमांची मनाई आहे, तेथे आकडा खिशातच राहावा. समुद्राचे वैभव पाहणाऱ्याने ते पुढील पिढ्यांसाठी राखणे अगत्याचे आहे.