आत्यासारखी वाजवणारी मुलगी

आदरणीय मुख्याध्यापक, शिक्षकवृंद, पौड आणि आसपासच्या वाड्यांवरून आलेले पालक, आणि पडद्यामागे मिशा चिकटवून ताटकळलेले बालकलाकार,

तुमचं नाटक अडवून बोलतोय, तेव्हा आवरतं घेतो. मघाशी तुमच्यातल्या एका मुलीने व्हायोलिन वाजवलं, म्हणून लिहून आणलेलं भाषण खिशातच ठेवतो आणि कला रामनाथ यांच्याबद्दल सांगतो.

कलाताईंचा जन्म 1967चा. घरच व्हायोलिनचं. शाळेत जायच्या आधीच आजोबा नारायण अय्यर यांनी त्यांच्या हाती गज दिला. वडीलही व्हायोलिन वाजवत. आणि आत्या कोण, तर डॉ. एन. राजम! कर्नाटक संगीतात तयार होऊनही राजमबाईंनी पंडित ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकून गायकी अंग, म्हणजे गळ्यातल्या गाण्यासारखं वादन, व्हायोलिनवर आणलं. ओंकारनाथांचे गुरू म्हणजे आपल्या कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर.

व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. बोट तसूभर सरकलं की सूर ढळला. असं वाद्य कलाताईंनी इतकं आत्मसात केलं, की ऐकणाऱ्याला आत्याच आठवावी. आपल्यापैकी कुणाला असं कौतुक लाभलं असतं, तर घरी पेढे वाटले असते. कलाताईंना मात्र तेच खुपू लागलं. हे वादन उत्तम आहे, पण त्यात मी कुठे आहे?

मग त्या गेल्या पंडित जसराजांकडे. म्हणजे गायकाकडे! व्हायोलिन कसं धरायचं हे तिथे कोण शिकवणार? गळ्यातून आलेली जागा तारेवर कशी उतरवायची, हे त्यांचं त्यांनीच शोधायचं होतं. त्यासाठी बोटांची आणि गजाची बसलेली सवय मोडावी लागली. ही तालीम सुमारे पंधरा वर्षं चालली. मला विचाराल, तर रियाजापेक्षा बसलेली सवय मोडणं अवघड. न जमणारं कुणीही सोडतं, छान जमलेलं सोडायला छाती लागते. आज त्यांचं व्हायोलिन गातं असं जगभर म्हणतात, आणि संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही त्यांना मिळाला आहे.

पालकांनो, 'अगदी अमक्यासारखी गाते हो' हे कौतुक जरा बेतानेच करा.

मुख्याध्यापकांना एक विनंती. पंडित भीमसेन जोशींनी 1953 साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव दर डिसेंबरात पुण्यात भरतो. पुढच्या वेळी या मुलांना एक दिवस तिथे न्या. गाडीभाड्याचं मी बघतो.