चातुर्मासाचा एक नवा नेम

(सुरत येथील मराठी पालक व शिक्षक यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आषाढी एकादशी जवळ आली आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्या दिवसापासून कांदा, लसूण, वांगे वर्ज्य होईल आणि कार्तिकी एकादशीनंतर हा नेम सुटेल. वर्ज्य करावयाच्या त्याच यादीत यंदा दूरदर्शन संच व मोबाईलचा पडदा यांचाही समावेश करावा, अशी माझी सूचना आहे. तीही अहोरात्र नव्हे. रोज एका ठरलेल्या वेळेपुरती.

चातुर्मासाची प्रथा पावसाशी जोडलेली आहे. नद्यांना पूर येत, वाटा बंद होत आणि फिरते साधू एका गावी मुक्काम करीत. जैन साधुसाध्वी आजही सुरतेच्या उपाश्रयांत हे चार महिने थांबतात. बाहेरची ये-जा थांबली म्हणजे मनुष्य जेथे असेल तेथे राहावयास लागतो. सांप्रत वाटा बंद होत नाहीत आणि बाहेरचे जग तर तळहातावर येऊन बसले आहे. म्हणून वाट आपणच काही काळ बंद करावयाची.

हे घडू शकते काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. करोनाच्या काळात तेथील मुलांचे शिक्षण मोबाईलवर चालले. पुढे शाळा उघडल्या, तरी मुलांचे मन पुस्तकात रमेना. तेव्हा ग्रामस्थांनी 2022 साली स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ठराव केला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजावयाचा आणि साडेआठपर्यंत घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवावयाचे. प्रारंभी आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक व ग्रामपंचायतीचे कर्मचारी यांना घरोघर फिरून सांगावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बांशी या गावाने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाईलवर बंदी घातली. दोन्ही गावांचा हेतू चांगला आहे. परंतु मला वडगावची रीत अधिक रुचते. तेथे वडीलधाऱ्यांनीही पडदा खाली ठेवावयाचा असतो. बापाने मालिका पाहावी आणि मुलाने पाढे म्हणावेत, हा न्याय मुलांना पटत नाही, आणि तो पटू नये हेच बरे.

प्रसारमाध्यमांशी माझे वैर नाही. हवामानाचा अंदाज, बाजारभाव, बँकेचा संदेश, गावाकडील आईचा आवाज हे सर्व याच यंत्रातून येते. वाजणारा फोन अवश्य घ्यावा. बंद करावयाचे ते नुसते पाहत बसणे. येथे एक जुना प्रयोग आठवतो. 1956 साली पुणे आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांसाठी आकाशवाणी मंडळे चालविली. आठवड्यातून दोन वेळा अर्ध्या तासाचा कार्यक्रम गावकरी एकत्र बसून ऐकत, आणि नंतर ऐकलेल्या विषयावर चर्चा करीत. त्या बैठकीत रेडिओइतकेच महत्त्व रेडिओनंतरच्या बोलण्याला होते. आज पडदा बंदच होत नाही, म्हणून बोलण्याची पाळीच येत नाही.

आता आपल्या सुरतेकडे वळू. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. तापीकाठच्या रेल्वेने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडील माणूस येथे आला आणि यंत्रमागावर व रंगाई-छपाईच्या कारखान्यांत राबू लागला. यंत्रमागाची पाळी सहसा बारा तासांची असते. जेवण आणि झोप वगळता बापाच्या वाट्याला मुलांसाठी दीड-दोन तास उरतात, आणि नेमके तेच पडद्याकडे जातात. यात केवळ अभ्यासाचे नुकसान नाही. मूल रस्त्यावर गुजराती व हिंदी बोलते, शाळेत मराठी शिकते. आजीची अहिराणी मात्र घरातल्या बोलण्याखेरीज कोठेच मिळत नाही. आखाजीला माहेरी गेलेल्या सासुरवाशिणींनी झोक्यावर म्हटलेली गाणी येथे जन्मलेल्या मुलीला कोण सांगणार? घरात बोलणे थांबले तर एका पिढीत ती पुसली जातील.

वडगावची वेळ जशीच्या तशी येथे चालणार नाही. अनेक ठिकाणी सातलाच पाळी बदलते. दिवसपाळीच्या घरी साडेआठनंतरचा तास बरा, रातपाळीच्या घरी दुपारी मुले शाळेतून आल्यावरचा. शिवाय आपली घरे बहुधा एका खोलीची आहेत. एकाने पडदा लावला की तो सर्वांनीच लावल्यासारखा होतो, आणि शेजारचा आवाज भिंतीतून येतोच. म्हणून नेम घराने एकट्याने न घेता गल्लीने मिळून घ्यावा, हे उत्तम.

मोकळ्या वेळात करावे काय, हे सुरतेला बाहेरच्या माणसाने शिकवावयास नको. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी चंदी पडव्याला हे शहर घारी आणि भुसू घेऊन गच्चीवर, पदपथावर, डुमसच्या रस्त्यावर चांदण्यात बसते. त्या रात्री कोणाला मालिकेची आठवण होत नाही. हा दिवस चातुर्मासातच येतो. त्या रात्रीचा थोडा अंश रोज घरी आणता आला तर पाहावे. घारीचा खर्च मात्र वर्षातून एकदाच करावा!

शिक्षकांना एक विनंती. नेम पाळला की मोडला, याची नोंदवही ठेवू नये. त्याऐवजी मुलांना आठवड्यातून एकदा, घरी ऐकलेला एखादा जुना शब्द किंवा उखाणा वर्गात सांगावयास लावावे. पालकांनी आपली वेळ एकादशीपूर्वी ठरवावी. कांदेनवमीला आपण कांद्याची भजी पोटभर खातोच. त्याच दिवशी राहिलेल्या मालिकाही मनसोक्त पाहून घ्याव्यात.