एका ताटातले जेवणारे

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपण म्हणतो. 1934 च्या सुमारास गाउझे नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने ही म्हण जणू काचेच्या नळीत पडताळून पाहिली. पाण्यातले, डोळ्यांना जेमतेम दिसणारे दोन जातींचे जीव त्याने एकत्र ठेवले आणि दोघांना जीवाणूंचे एकच खाणे दिले. काही दिवसांत एक जात उरली, दुसरी संपली. मग त्याने जोडी बदलली. ह्या खेपेस दोघीही नांदल्या, कारण एक वरच्या पाण्यात चरत होती आणि दुसरी तळाशी.

हे ध्यानात ठेवून आता साताऱ्याहून पंचवीसएक किलोमीटरवरच्या कासच्या पठारावर चला. जांभ्या दगडाचा सडा, त्यावर कुठे बोटभर तर कुठे वीतभर माती, आणि तीही निकस. अशा ताटावर सपुष्प वनस्पतींच्या साडेआठशेच्या आसपास जाती जेवायला बसतात! भांडण कसे होत नाही?

भांडण होते, पण वाटणीही होते. वायतुरा पाण्याच्या डबक्यात राहतो. सीतेची आसवं नि दवबिंदू ओल्या, निकस जागी वाढतात. मातीत नत्र नाही म्हणून ही मंडळी चक्क किडे खातात. दवबिंदू चिकट पानांनी माशी धरतो, तर सीतेच्या आसवांच्या इवल्या पिशव्या चिखलातले सूक्ष्म जीव आत ओढतात. वेळेचेही तसेच. सीतेची आसवं पठार जांभळे करतात, तर सोनकीचा पिवळा रंग पावसाळा सरता सरता चढतो. जत-आटपाडीकडच्या शेतकरी बंधूंना ह्यात नवल वाटणार नाही. बाजरीत तुरीच्या ओळी टाकताना ते हेच करतात. बाजरी आधी निघते, तूर खोल मुळांवर मागे उभी राहते.

पण ताट भरून वाढले तर? आपल्याला वाटेल, सगळेच सुखी होतील. इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे 1856 पासून एका कुरणावर निरनिराळी खते घालून पाहत आहेत. जिथे काहीच घातले नाही, तिथे आजही चाळीसएक जाती मोजता येतात. जिथे अमोनियाचे खत भरपूर पडले आणि माती आंबट होऊ दिली, तिथे दोन-तीनच उरल्या. अन्न वाढले की उंच, दांडगे गवत फोफावते आणि बुटक्यांचे ऊन अडवते. म्हणजे कासचे दारिद्र्य हीच कासची श्रीमंती म्हणायची. मला तरी हे पचायला वेळ लागला.

तिथेही दांडगे गवत आहेच. त्याला आवर कोण घालत होते? आसपासच्या गावांची गुरे. 2012 साली पश्चिम घाटातील इतर ठिकाणांबरोबर कासला जागतिक वारशाचा मान मिळाला. माणसांची रीघ लागली आणि फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून पठाराला तारेचे कुंपण पडले. हेतू चांगला होता. परंतु माणसांबरोबर गुरेही बाहेर राहिली. काही वर्षांनी गावकरी आणि जाणकार म्हणू लागले की गवत माजले, फुले कमी झाली. पुढे कुंपण काढण्यात आले.

फुले घटली ती केवळ चराई थांबल्यामुळे, असे मी म्हणणार नाही. पाऊस आहे, गर्दी आहे, मोटारींचा धूर आहे. पण ज्या गुराख्याला आपण फुलांचा वैरी समजून बाहेर काढले, तो न कळत बुटक्या झाडांच्या बाजूने पंच म्हणून उभा होता, एवढे मानायला हरकत नाही. उलट, गुरे फार झाली तर तीच कोवळे कोंब खुराखाली चिरडतील, शेणाने माती पोसतील आणि दांडग्यांचे फावेल. तेव्हा किती गुरे, कोणत्या महिन्यात, पठाराच्या कोणत्या अंगाला, हा हिशेब दर पावसाळ्यात मोजणी करूनच बसवावा लागेल. आणि त्या मोजणीला वनस्पतिशास्त्रज्ञाच्या शेजारी गुराखीही बसला पाहिजे, कारण कुठले गवत गाय आधी तोडते ते त्याला तोंडपाठ असते.