आपोआप
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



अमेरिकेहून आलेल्याने मेळाव्यात काय बोलायचं ते ठरलेलं असतं. सुरुवातीचे हाल, मग घर, मग मुलांची प्रगती. ते जेवताना सांगेन. आज मी ब्रेकबद्दल बोलणार आहे. हसू नका! आमच्या वर्कशॉपच्या तुकडीला तरी हे पटेल.

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. म्हणजे पिकअपमागे जोडून ओढायची चाकांवरची खोली. वजन सव्वादोन टन. चारही चाकांना ड्रम ब्रेक, तेही विजेवर चालणारे. पुढच्या गाडीत आपण ब्रेक दाबला की ट्रेलरच्या चाकातल्या विद्युतचुंबकाला प्रवाह मिळतो, तो फिरत्या ड्रमला चिकटून ओढला जातो आणि त्याचा दांडा ब्रेक-शू ड्रमवर दाबतो. नववीतलं विज्ञान! पण लायनर झिजलं की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं आणि ब्रेक उशिरा, अर्धवट लागतो.

हे अंतर कमी करायचे दोन प्रकार. एकात ब्रेक स्वतःच ते सांभाळतो, दुसऱ्यात आपण हाताने सेट करायचं. आमचे हाताने सेट करायचे होते. पहिल्या 200 मैलांनंतर, मग दर 3000 मैलांनी, असं पुस्तिकेत छापलेलं होतं. मी ती उघडलीच नव्हती. मोटारीचे ब्रेक आपोआप सेट होतात, तसे याचेही होत असतील, असं धरून चाललो.

तीन वर्षांनी कोलोरॅडोतला वुल्फ क्रीक घाट उतरत होतो. खिंड 10,800 फुटांच्या वर, उतार जवळजवळ सात टक्के, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी बाजूला खडीचे चढ बांधलेले. ब्रेक दाबला तर ट्रेलर मागून ढकलतोय! पिकअपचे ब्रेक तापून जळका वास यायला लागला. खालचा गिअर टाकला, कसाबसा एका मोकळ्या जागी थांबलो. ही वाटेत एक शब्द बोलली नव्हती. थांबल्यावर म्हणाली, "तू कधी बघितलं होतंस का रे?"

त्या रात्री मुक्कामावरच्या शेजाऱ्याने दाखवलं. चाक उचलायचं, मागच्या पत्र्याच्या फटीतून दातेरी चक्री फिरवायची. चाक हाताने फिरेनासं झालं की साधारण दहा दाते उलट सोडायची, म्हणजे अगदी हलकं घासतं. चार चाकांना तासभर लागला. तेवढ्या तासाची मी तीन वर्षं बचत केली होती.

परत आल्यावर मी आपोआप सेट होणारे ब्रेक बसवून घेतले. त्यात पुढे जाताना ब्रेक दाबला आणि शूला जास्त सरकावं लागलं, की एक छोटी तरफ ती चक्री एक दाता पुढे ढकलते. सोय खरीच चांगली, मी कोणालाही तेच घ्यायला सांगेन. पण पहिल्यांदा सेट करायचे ते हातानेच, डाव्या-उजव्या बाजूचे अदलाबदल करून चालत नाहीत, आणि वर्षातून एकदा बेअरिंगसाठी ड्रम उघडावाच लागतो. दुसऱ्या वर्षी उघडला, तर एका चाकाची चक्री गंजून अडकली होती. हिवाळाभर ट्रेलर उभा होता ना. म्हणजे मेहनत वाचली, बघणं काही सुटलं नाही.

आपले वर्कशॉपचे सर कानस हातातून काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "आधी बोट फिरवून बघ." सर गेल्याचं मला दोन वर्षांपूर्वी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. त्याआधी नऊ वर्षं मी त्यांना फोन केला नव्हता. ग्रुप आहे, सगळ्यांची खुशाली कळतेच, असं धरून चाललो होतो. चूक तीच, दुसऱ्यांदा.

गणिताच्या बाईंना आज येता आलं नाही, गुडघे दुखतात म्हणून. उद्या सकाळी नऊ वाजता मी त्यांच्याकडे जातोय. गाडीत चार जागा रिकाम्या आहेत. कोण येतंय, तेवढं जेवताना सांगा.